हाउंड घरी आणायचा आहे? आधी कुंपण, मग पिल्लू

दरवर्षी पाऊस पडायला लागला की मला हाउंड, म्हणजे शिकारी जातीचे कुत्रे, पाळणाऱ्यांचे फोन सुरू होतात. "कारवान घेतला होता, आवरत नाही, कोणी नेईल का?" "बीगल रात्रभर रडतो, शेजारी भांडायला येतात." परवा एक जिभाऊ नुसतंच म्हणाले, "हाऊ तं आयकतच नही." खोलात विचारलं की कुत्र्याचा दोष क्वचितच निघतो. क्रम चुकलेला असतो. आधी पिल्लू येतं, मग साखळी येते, मग शेजाऱ्याची कोंबडी मरते आणि त्यानंतर जातीची माहिती शोधली जाते. तोवर पिल्लू आठ महिन्यांचं झालेलं असतं आणि मळ्यातल्या खुंटीला बांधलेलं असतं.

हा लेख जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या घरांसाठी आहे. आपला उन्हाळा, आपलं शिवार आणि आपलं जेवण धरून लिहिला आहे. पहिले दोन टप्पे पिल्लू आणण्याआधीचे आहेत. ते पूर्ण झाले नसतील तर तिसऱ्याकडे वळू नका.

टप्पा १: डोळ्याचा कुत्रा हवा की नाकाचा, हे ठरवा

हाउंड म्हणजे शिकारीच्या मागे जाण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडून घडवलेला कुत्रा. काही हाउंड डोळ्यांनी शिकार धरतात, काही नाकाने. घरात तो कसा वागणार, हे बहुतेक या एका फरकावर ठरतं.

डोळ्याचे हाउंड उंच, सडपातळ, खोल छातीचे आणि बारीक कमरेचे असतात. कारवान (आपल्याकडे बरेच जण कारवानी म्हणतात, आणि कानांवर, शेपटीवर लांब केस असले की पश्मी), कर्नाटकातला मुधोळ, उत्तर प्रदेशातला रामपूर, तामिळनाडूतले राजापालयम, चिप्पीपराई आणि कन्नी हे सगळे या गटातले. परदेशी ग्रेहाउंडही यातलाच, तो ताशी ६० किलोमीटरच्या पुढे पळू शकतो. काहीतरी पळताना दिसलं की हे सुटतात. ते मांजर आहे, कोकरू आहे की वाऱ्याने उडालेली कॅरीबॅग, हे त्यांना धावायला लागल्यावर कळतं.

कारवान आणि मुधोळ घरात आश्चर्य वाटावं इतके शांत असतात. सकाळी अर्धा तास मनसोक्त पळाले की दिवसभर ओट्यावर किंवा बाजेखाली पडून राहतात. विनाकारण भुंकत नाहीत. घरच्यांवर जीव लावतात, पण परक्याने अंगाला हात लावलेला त्यांना आवडत नाही. पाहुणा आला की उठून दुसरीकडे जातात. याला लोक 'माजोरडा' म्हणतात. तसं नाही, तो संकोची आहे. त्याच्यावर एकदा जोरात ओरडलात तर तो तुमच्यापासून दोन दिवस लांब राहील, आणि काठीने मारलंत तर हातात काठी असलेल्या प्रत्येक माणसाला घाबरेल. घाबरलेला कुत्रा चावतो. गाव, मळा किंवा मोठं बंदिस्त अंगण असलेल्या, मुलं सातआठ वर्षांच्या पुढची असलेल्या घराला हा कुत्रा फार चांगला. आपल्या हवेला, आपल्या जमिनीला तो सरावलेला आहे, म्हणून माझी पहिली पसंती याचीच.

राजापालयमचं पांढरंशुभ्र अंग आणि गुलाबी नाक पाहून अनेक जण भुलतात. तो राखणीचा, एका माणसाला धरून राहणारा आणि परक्याबद्दल कडक कुत्रा आहे. पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्याने तो घेऊ नये. ज्या घरात दिवसभर येणं-जाणं असतं, किराणा दुकान असतं, शिकवणीची मुलं येतात, तिथेही नको. चिप्पीपराई आणि कन्नी स्वभावाने कारवानच्या जवळचे, पण आपल्याकडे चांगल्या वंशाचं पिल्लू मिळणं कठीण.

नाकाच्या हाउंडांत आपल्या शहरांमध्ये दिसतो तो मुख्यतः बीगल. उंची ३३ ते ४० सेंटिमीटर, लांब कान, सगळ्यांशी मैत्री. मुलांबरोबर रमणारा याच्यासारखा दुसरा हाउंड नाही, लहान मुलांच्या घरात मी हाच सुचवतो. पण तीन गोष्टी आधी मान्य करा. तो राखण करणार नाही, चोराचीही शेपूट हलवून विचारपूस करेल. तो एकटा पडला की लांब सुरात रडतो, कारण तो टोळीने काम करणारा कुत्रा आहे. आणि वास लागला की त्याला तुमची हाक ऐकू येत नाही, तेव्हा त्याच्या लेखी फक्त नाक जागं असतं. सकाळी नऊला दोघंही कामावर जाऊन संध्याकाळी सातला परतणार असाल, तर फ्लॅटमध्ये बीगल आणू नका.

बॅसेट हाउंड आखूड पायांचा, जड, संथ आणि हट्टी. मुलांना सहन करतो, पण आपल्या मे महिन्यात त्याचे हाल होतात आणि त्या लोंबत्या कानांची निगा रोज राखावी लागते. डॅशहुंड, ज्याला गावाकडे 'लांबड्या' म्हणून ओळखतात, तोही बिळात शिरून शिकार करणारा हाउंडच आहे. धीट, भुंकणारा, लहान मुलांनी ओढाताण केली तर चट्‌कन दात दाखवणारा. त्याचा लांब कणा नाजूक असतो. पलंगावरून उड्या, उंच जिने आणि पुढचे दोन पाय धरून उचलणं यामुळे मणक्याची गादी सरकून मागचे पाय लुळे पडू शकतात.

सावधान: अफगाण हाउंडसारखी लांब, दाट केसांची जात फोटो पाहून खान्देशात आणू नका.

तपासा: घरातल्या प्रत्येकाने वेगवेगळ्या कागदावर लिहावं: कुत्रा कशासाठी हवा, सकाळी त्याला कोण नेणार, आणि घरात कोंबडी, बकरी, मांजर आहे का. उत्तरं जुळली नाहीत तर अजून महिनाभर थांबा. राखणीसाठी हवा असेल आणि बीगल आवडला असेल, तर त्यातलं एक सोडावं लागेल.

टप्पा २: घर तयार करा, आणि मुहूर्त नीट धरा

आधी कुंपण. कारवान-मुधोळसाठी सहा फुटांपेक्षा कमी नको. पाच फुटांच्या भिंतीला लागून जळणाची मोळी किंवा पाण्याची टाकी असेल तर ती भिंत तीन फुटांचीच समजा. काटेरी तार या कुत्र्यांसाठी वाईट. त्यांचं कातडं पातळ असतं, वेगात घासलं गेलं की चराचरा फाटतं. जाळी लावा. बीगल उडी मारून जाणार नाही, उकरून जाईल, म्हणून त्याच्या कुंपणाची जाळी फूटभर जमिनीत पुरा किंवा बुडाशी फरशीचे तुकडे लावा. फाटकाच्या खालची फट मोजा. पिल्लाचं डोकं गेलं की पिल्लू गेलं.

मग जागा. धाब्याचं घर असेल तर तुम्ही भाग्यवान, आतली पडवी उन्हाळ्यातही सोसवते. पत्र्याच्या शेडखाली कुत्र्याची जागा करू नका. दुपारी दोनला त्या शेडमध्ये स्वतः पंधरा मिनिटं बसून पाहा. सडपातळ हाउंडच्या हाडांवर चरबी नसते, नुसत्या शहाबादी फरशीवर झोपून त्याच्या कोपरांना घट्टे पडतात, पाणी धरतं. जुनी गोधडी दुहेरी करून घाला. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा उतरतो तेव्हा याच कुत्र्याला थंडी वाजते, त्यामुळे पोत्याची किंवा जुन्या स्वेटरची झूल शिवून ठेवा.

गळपट्टा आत्ताच आणा. हा मुद्दा लोक हमखास चुकवतात. कारवानचं डोकं अरुंद आणि मान जाड, त्यामुळे साधा गळपट्टा मागच्या मागे निसटतो. माझी पहिली कारवानी मादी अशीच बसस्टँडजवळ पट्ट्यातून डोकं काढून सुटली आणि दीड दिवसाने सापडली, पायाचे तळवे सोललेले. त्यांच्यासाठी रुंद, ओढला की थोडा आवळणारा मार्टिंगेल पट्टा मिळतो, तो घ्या. पट्टा आणि मानेमध्ये दोन बोटं जावीत, तीन नाही. पट्ट्यावर मोबाइल नंबर कोरलेली पत्री लावा.

पिल्लू आणण्यापूर्वी पशुवैद्याला एकदा भेटून या. तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात कुत्र्याच्या लसी असतात का, रात्री-अपरात्री कोणाला फोन करायचा, जळगाव किंवा धुळ्याला न्यायची वेळ आली तर गाडी कोणाची, हे सगळं कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा.

आणि मुहूर्त. उत्तम काळ नोव्हेंबर ते जानेवारी. दिवाळीचे फटाके संपलेले असतात, उन्हाळ्याला दोन ते चार महिने असतात, तोवर लसी पूर्ण होतात. आखाजीला (अक्षय तृतीयेला) लेकी माहेरी आलेल्या असतात, घर भरलेलं असतं, मुलं म्हणतात आत्ताच आणा. तेव्हा आणू नका. पिल्लाला ४४ अंशांचा उन्हाळा, वीस अनोळखी हात आणि दर तासाला कुणाच्या तरी ताटातला घास, हे एकदम सोसत नाही. कानबाईच्या रोटांचा रविवार (श्रावणातला खान्देशी सण) जवळ असेल तरीही तेच. घरात लग्न असेल तर लग्न होऊन पंधरा दिवस जाऊ द्या.

तपासा: कुंपणाभोवती गुडघ्यावर बसून एक फेरी मारा. पिल्लाच्या उंचीवरून वायरी, ठिबकच्या नळ्या, उंदराचं औषध, खताच्या गोण्या दिसतील. ठिबकची लॅटरल नळी पिल्लं दात येताना हमखास चावतात, ती उचलून बांधा. उंदराचं औषध घरात कुत्रा असेपर्यंत ठेवूच नका.

टप्पा ३: पिल्लू निवडा, घाई न करता

पिल्लू आठ आठवड्यांचं झाल्याशिवाय घेऊ नका. श्वान प्रजनन व विक्रीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसारही त्याआधी पिल्लू विकता येत नाही, आणि पिल्लं विकणाऱ्याची नोंदणी राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे असावी लागते. नियम बाजूला ठेवला तरी, पाचव्या आठवड्यात आईपासून तोडलेलं पिल्लू पुढे जोरात चावतं. किती जोराने चावलं की समोरच्याला दुखतं, हे ते भावंडांबरोबर खेळताना शिकतं.

जाऊन आई बघा. बापाचा फोटो दाखवून भागवणाऱ्याकडून परत फिरा. आई अनोळखी माणसाला पाहून गुरगुरत कोपऱ्यात दडत असेल तर पिल्लांतही तो भित्रेपणा येतो. थोडं लांब राहणारी, पण घरच्या माणसाने बोलावलं की येणारी आई चांगली.

पिल्लांमध्ये सगळ्यात आधी अंगावर येणारं उचलायचा मोह होतो. कारवानच्या बाबतीत मी मधलं निवडतो: टाळी वाजवल्यावर दचकून मागे जातं, पण अर्ध्या मिनिटात वास घेत परत येतं, ते. राजापालयम किंवा दुसरं पूर्ण पांढरं पिल्लू असेल तर त्याच्या पाठीमागे, त्याला न दिसता, किल्ल्यांचा जुडगा हलवा. पांढऱ्या कुत्र्यांत काही पिल्लं बहिरी जन्मतात. सगळी भावंडं मान वळवतात आणि एक वळवत नाही, तर ते लक्षात येतं. डोळ्यांना चिपडं, फुगलेलं टणक पोट (जंत), मागे सांडलेलं पातळ शौच, पांढुरक्या हिरड्या, यातलं काही दिसलं तर तो दिवस सोडा.

सावधान: "शुद्ध मुधोळ" म्हणून बाजारात कोणतंही सडपातळ पिल्लू विकलं जातं. आठ आठवड्यांच्या पिल्लावरून जात सांगता येत नाही. आई-बाप दिसले तरच जातीचे पैसे द्या.

टप्पा ४: घरी आणणं आणि पहिल्या तीन रात्री

सकाळी आणा, म्हणजे अंधार पडण्याआधी त्याला जागा कळते. निघण्यापूर्वी तीन तास खाऊ घालू नका. आईच्या अंगाखालचं फडकं सोबत मागून घ्या आणि झोपण्याच्या जागी ठेवा.

पहिल्या रात्री ते रडणार. त्याला गोठ्यात एकटं ठेवून "सवय होऊ दे" म्हणणं ही मोठी चूक आहे, बीगलमध्ये तर तिथूनच आयुष्यभराच्या रडण्याची सुरुवात होते. तुमच्या बाजेशेजारी खोक्यात ठेवा, हात खाली सोडा. आठवडाभराने खोकं एकेक हात लांब न्या.

टप्पा ५: लसी, जंत, गोचीड

पहिली मिश्र लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान, मग दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर, पुढे वर्षाला. जंतनाशक तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत महिन्याला, नंतर दर तीन महिन्यांनी. वजन करून द्या, अंदाजाने नाही.

"एक लस झाली, आता फिरवतो" ही चूक पिल्लाच्या जिवावर बेतते. पार्वो हा जीवघेणा आजार रस्त्यावरच्या मातीतून येतो. उलट्या आणि रक्ताचं, उग्र वासाचं शौच सुरू झालं की ताक-लिंबाचे उपाय करत बसू नका, त्याच दिवशी सलाइन लागतं. मात्र लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लू घरात कोंडूनही ठेवू नका. तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात जे दिसतं तेच त्याला पुढे नेहमीचं वाटतं. कडेवर घेऊन, पाय जमिनीला न लावता दाखवा: ट्रॅक्टर, बैल, फेटा बांधलेले आबा, शाळेतून सुटलेली मुलं, बँडची वरात लांबून.

पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत रोज संध्याकाळी कानामागे, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली गोचीड शोधा. ताप, खाणं बंद, फिकट हिरड्या, नाकातून रक्त, अशी लक्षणं दिसली तर गोचीड ताप असू शकतो, रक्त तपासून घ्या.

सावधान: नसबंदी किंवा कुठलीही शस्त्रक्रिया करताना डॉक्टरांना आठवण करून द्या की हा डोळ्याच्या जातीचा हाउंड आहे. अंगावर चरबी कमी असल्याने थायोपेंटोनसारख्या भुलीतून ग्रेहाउंड गटाचे कुत्रे फार उशिरा बाहेर येतात. दुसरी भूल वापरता येते.

टप्पा ६: जेवण

खान्देशात कुत्र्याचं ताट म्हणजे बाजरीची भाकरी आणि दूध. वाढत्या हाउंडला हे पुरत नाही. चार-पाच महिन्यांत पुढचे पाय बाहेर वळतात, सांधे जाड दिसतात, आणि मग घरचे कॅल्शियमच्या बाटल्या ओततात. बाटली ओतूनही बिघडतं, कारण जास्तीचं कॅल्शियम वाढत्या हाडांना घातक असतं. मूळ कमतरता ताटात असते, ती ताटात भरा.

भाकरी किंवा भात चालेल, पण ताटाचा निम्म्याच्या आसपास भाग उकडलेली अंडी, कोंबडी, मासळी असा असू द्या. दही चालतं, दुधाने अनेकांना जुलाब होतात. शाकाहारी घर असेल तर पिल्लाच्या वाढीच्या वर्षात तयार पपी फीड घ्या, तेवढी तडजोड करा. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढे दोन वेळा.

आपल्या स्वयंपाकातलं काय देऊ नये हे आजीला समजावून सांगा, कारण प्रेमाने घास तीच देते. भरीत नाही, ठेचा नाही, शेवभाजी नाही, मटणाचा रस्सा नाही. तिखट ही त्यातली लहान अडचण. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात, पातीचा कांदाही. कळण्याच्या भाकरीत मीठ असतं, त्याच्यासाठी मीठ न घालता वेगळी थापा. द्राक्षं आणि मनुका मूत्रपिंडं निकामी करू शकतात. चॉकलेट नको. रस्स्यात शिजलेलं हाड तडकून टोकदार होतं, आतड्यात रुततं, म्हणून तेही नको. केळ्याचे दोन काप चालतात, यावल-रावेरकडच्या मंडळींनी घड दाखवू नये.

खोल छातीच्या हाउंडमध्ये पोट फुगून त्याला पीळ पडण्याचा धोका असतो. म्हणून पळवून आणल्यावर तासभर जेवण नाही, जेवणानंतर दोन तास पळणं नाही, एकाच वेळी मोठं ताट नाही. पोट ढोलासारखं ताणलं, उमाळे येतात पण उलटी पडत नाही, लाळ गळते, अशी लक्षणं दिसली तर रात्रीचे दोन वाजले तरी निघा. इथे तासांवर जीव असतो.

तपासा: कारवानच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणं हे त्याचं निरोगी अंग आहे. लोक "उपाशी ठेवता का" म्हणतील, म्हणू द्या. कण्याची आणि कमरेची हाडं टोचायला लागली तर मात्र कमी पडतंय. बीगलच्या बरगड्या दिसू नयेत, हाताला लागाव्यात. हाताला लागत नसतील तर ताट कमी करा, तो भूक लागल्याचं नाटक दिवसभर करतो.

टप्पा ७: मुलं, म्हातारी माणसं, कोंबड्या

मुलांचे नियम कुत्रा येण्याआधी पाठ व्हायला हवेत: जेवताना त्याच्याजवळ जायचं नाही, झोपलेल्याला हात लावायचा नाही, मिठी मारायची नाही. डोळ्याचे हाउंड झोपेतून दचकून उठतात, आणि त्या अर्ध्या क्षणात समोर मुलाचं तोंड असेल तर दात लागू शकतो. यात रागाचा संबंध नसतो. आधी नाव घेऊन हाक मारायची, तो मान वर करेल, मग जवळ जायचं. सहा-सात वर्षांखालचं मूल आणि कुत्रा एका खोलीत एकटे नकोत, कितीही गरीब कुत्रा असला तरी.

आजी-आजोबा असतील तर अंगणात कुत्रा पळत असताना त्यांना मध्ये चालू देऊ नका. पंचवीस किलोचा कारवान वेगात गुडघ्याला धडकला की खुबा मोडतो.

कोंबड्या आणि बकऱ्यांबद्दल खोटी आशा नको. नाकाच्या हाउंडला, लहानपणापासून दोरीवर ठेवून, शांत बसला की बक्षीस देत, बकऱ्यांची सवय लावता येते. डोळ्याच्या हाउंडला घरच्या शेळीची ओळख पटेलही, पण शेजाऱ्याची पळणारी कोंबडी त्याला कधीच 'ओळखीची' वाटणार नाही. दोघांच्या मध्ये जाळी हवी. मांजर असेल तर त्याला उंचावर जाण्याची वाट ठेवा.

दात लागलाच, मग तो घरच्या लस दिलेल्या कुत्र्याचा का असेना, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि सरकारी दवाखान्यात जा. हळद, मिरची, चुना लावू नका.

टप्पा ८: बोलावल्यावर येणं शिकवा, आणि तरीही दोरी सोडू नका

एक शब्द ठरवा. घरातले सगळे तोच वापरतील. आई 'ये', बाबा 'इकडं ये', मुलगा शिट्टी, असं चाललं तर कुत्र्याला काहीच कळत नाही.

पहिले दोन आठवडे फक्त घरात. शब्द उच्चारा, आला की उकडलेल्या कलेजीचा करंगळीच्या नखाएवढा तुकडा. दिवसातून वीस वेळा, पण एका दमात पाचपेक्षा जास्त नाही. पुढचे दोन आठवडे अंगणात. त्यानंतर गल्लीत, तीस फुटी सुती दोरी लावून. शेवटी मळ्यात, तीच दोरी लावून. एखाद्या पायरीवर दहापैकी आठ वेळा येत नसेल तर मागच्या पायरीवर परत जा.

दोन चुका सगळं शिकवलेलं पुसतात. उशिरा आला म्हणून मारणं, ही पहिली. त्याच्या दृष्टीने मार येण्याबद्दल मिळाला, पुढच्या वेळी तो येणारच नाही. दुसरी, फक्त घरी नेऊन बांधायच्या वेळीच बोलावणं. फिरताना पाच वेळा बोलवा, तुकडा द्या आणि पुन्हा मोकळं करा.

इतकं करूनही कारवानला उघड्या रानात, सुरत-नागपूर महामार्गाच्या आसपास तर मुळीच, मोकळं सोडू नका. ससा उठला की तुमचा शब्द त्याच्यापर्यंत पोचत नाही. पळवायचं असेल तर चारी बाजूंनी कुंपण असलेला मळा किंवा सुट्टीतलं शाळेचं बंद मैदान बघा.

सावधान: "एकदा सशावर सोडून बघू" म्हणणारे मित्र भेटतील. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार वन्यप्राण्यामागे कुत्रा घालून पळवणं हीसुद्धा शिकार आहे. गुन्हा मालकावर दाखल होतो.

टप्पा ९: मार्च ते जून

भुसावळ-जळगावचा मे ज्याने पाहिला त्याला वेगळं सांगायला नको. फिरवणं सकाळी सातच्या आत संपवा, संध्याकाळी आठनंतर सुरू करा. डांबरावर तळहाताची पालथी बाजू सात सेकंद ठेवा. ठेववत नसेल तर त्याचे तळवे भाजतील. पाण्याचं भांडं मातीचं, दोन ठिकाणी, सावलीत. कूलरसमोरची जागा दुपारी त्याला द्या. दोरीने बांधून, सावली सरकेल याचा विचार न करता शेतात निघून जाणं, हे दरवर्षी कुठे ना कुठे कुत्र्याचा जीव घेतं.

धाप थांबत नाही, जीभ गडद लाल, तोल जातो, अशी लक्षणं दिसली तर गुदद्वारातून ताप मोजा. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट नेहमीचा. १०५ च्या पुढे गेला तर उष्माघात. सावलीत घ्या, अंगावर साधं पाणी ओता, पंखा लावा, आणि गाडी काढा. बर्फ चोळू नका. ओल्या गोणपाटात गुंडाळू नका, गोणपाट थोड्याच वेळात गरम होऊन उष्णता आत धरून ठेवतो. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका. ताप १०३ वर आला की पाणी ओतणं थांबवा आणि तसंच दवाखान्यात न्या.

टप्पा १०: शिवारात नेताना

कपाशीवर फवारणी झालेल्या शेतात आणि बांधावर निदान आठवडाभर नेऊ नका, आणि औषध कालवलेली बादली, रिकामे डबे उघडे टाकू नका. लाळ, थरथर, बारीक झालेल्या बाहुल्या ही विषबाधेची लक्षणं आहेत. अंगावर औषध उडालं असेल तर हातात पिशव्या घालून साबणाने धुवा आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जा. नाव वाचल्याशिवाय त्यांना उतारा ठरवता येत नाही.

पावसाळा सरताना सातपुड्याच्या पायथ्याला कुसळी गवत पिकतं. घरी आल्यावर कान, बोटांच्या बेचक्या, काखा पाहा. बीगलने अचानक डोकं एका बाजूला झटकायला सुरुवात केली तर कुसळ कानात शिरलेलं असतं. तेल ओतू नका, डॉक्टरांना काढू द्या.

यावल, चोपडा, शिरपूर, शहाद्याच्या डोंगराकडच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. तिथे रात्री कुत्रा अंगणात बांधून ठेवणं म्हणजे त्याला बिबट्यापुढे बांधणं. सूर्य मावळला की आत घ्या आणि दाराला कडी लावा.